बाजरी बंद करू का?

थायरॉईडचा रिपोर्ट घेऊन माझ्यासमोर बसलेल्या बायकांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो. बाई पारनेरची असो, पाथर्डीची असो की नगरमधल्या सावेडीची, कुणीतरी तिला आधीच सांगून ठेवलेलं असतं की बाजरी थायरॉईडला वाईट. मोबाईलवर काहीतरी आलेलं असतं, नाहीतर शेजारणीच्या सुनेनं कुठंतरी वाचलेलं असतं. सोबत अख्खी यादी असते. कोबी बंद, फ्लॉवर बंद, मुळा बंद, शेंगदाणे बंद, सोयाबीन बंद. शहरातल्या घरात ही यादी पाळणं फार जड जात नाही. आमच्या जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात मात्र बाजरी काढली की ताटच मोडतं. थंडीभर दोन्ही वेळची भाकरी बाजरीची, तीही घरच्या रानातली. ती बंद केलेली बाई मग काय खाते? रेशनच्या गव्हाची चपाती, नाहीतर नुसता भात. म्हणजे लोह कमी झालं, चोथा कमी झाला. आणि थकवा, बद्धकोष्ठ, केस गळणं याच तर तिच्या मूळ तक्रारी असतात.

मी नगरमध्ये आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की "आता आहाराचं ताईंना विचारा" म्हणून पेशंट माझ्याकडे येतात. ठरावीक दिवशी पाथर्डीलाही बसते. या कामात माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. थायरॉईड कमी काम करतंय म्हटल्यावर लोक ताटातून काय काढायचं आणि बाजारातून काय आणायचं याचाच विचार करतात. गोळी कशी घेतली जाते, कशासोबत घेतली जाते, याकडे कुणी बघत नाही. आणि नव्वद टक्के गुंता तिथंच असतो.

बाजरीची भीती कुणी हवेतून काढलेली नाही. ती कुठून आली हे मी बायकांना मुद्दाम सांगते, कारण नुसतं "खा, काही होत नाही" म्हटलेलं त्यांना पटत नाही आणि पटूही नये. सुदानच्या दार्फूर भागात बाजरी हेच मुख्य अन्न आणि तिथं गलगंडही फार. एदुआर्दो गाइतान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात बाजरीतल्या काही फ्लेव्होनॉइड द्रव्यांचा थायरॉईडवर परिणाम दाखवला. थायरॉईडच्या पेशींत आयोडीन जोडून हॉर्मोन तयार करणारं जे एन्झाइम असतं, त्याचं काम ही द्रव्यं मंदावतात. भाकरी भाजली म्हणून ती नाहीशी होत नाहीत, हेही खरं.

पण दार्फूरच्या त्या भागात लोकांच्या पोटात आयोडीनच पुरेसं जात नव्हतं. आयोडीनचा दुष्काळ आणि वर जवळजवळ फक्त बाजरी, या दोन्हींचा मिळून तो परिणाम होता. आपल्याकडे मिठात आयोडीन आहे. शिवाय आपली बाजरी उडदाच्या आमटीसोबत, मटकीसोबत, शेंगोळ्यांसोबत, तांदुळज्याच्या भाजीसोबत पोटात जाते, आणि उन्हाळ्यात तिची जागा ज्वारी घेते. दुसरी गोष्ट त्याहून साधी आहे. बाजरीतली द्रव्यं प्रामुख्यानं ग्रंथीच्या हॉर्मोन बनवण्यात आडवी येतात. जिची ग्रंथी आधीच थकलेली आहे आणि जिला हॉर्मोनच गोळीतून मिळतं आहे, तिच्या गोळीतलं तयार हॉर्मोन बाजरी कसं थांबवणार? म्हणून मी सांगते, भाकरी खा. गोळीनंतर लगेच नको, तासाभरानं. जमलं तर एक वेळ ज्वारी, एक वेळ बाजरी. बस.

कोबी-फ्लॉवरचंही तेच. शिजवून खाल्लेल्या भाजीची भीती नाही. कच्च्या कोबीचा रस रोज पेलाभर पिणारी बाई मला तरी अजून भेटलेली नाही.

बाजरीबद्दल मी जरा जास्तच जीव तोडून बोलते, त्यामागं आणखी एक कारण आहे. 'धनशक्ती' हा जास्त लोह असलेला बाजरीचा वाण २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाला, आणि त्या कामात आमच्याच जिल्ह्यातलं राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ होतं. अशा लोहयुक्त बाजरीच्या भाकऱ्या महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना देऊन त्यांच्या शरीरातला लोहाचा साठा तपासण्याचा प्रयोगही झाला, त्याचे निष्कर्ष २०१५ साली छापून आले, आणि ते बाजरीच्या बाजूनं होते. थायरॉईडचं हॉर्मोन बनवणाऱ्या त्याच एन्झाइमला लोह लागतं. रक्त कमी असलेल्या बाईचं थायरॉईड आणखी मागं पडतं. मग तिच्या ताटातली लोहाची भाकरी थायरॉईडच्या नावाखाली काढून घेण्यात कसलं शहाणपण? २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं म्हणून साजरं झालं, सरकारनं बाजरीला 'श्रीअन्न' म्हटलं, आणि त्याच वर्षी बाजरी सोडलेल्या बायका माझ्यासमोर येऊन बसत होत्या.

मिठाची गोष्ट मात्र उलटी आहे. तिथं काळजी करायला हवी आणि तिथं कुणी करत नाही. हल्ली बऱ्यापैकी शिकलेल्या घरांत, आणि आता खेड्यांतही, सैंधव मीठ आलं आहे. गुलाबी रंगाचं, महाग, 'शुद्ध' म्हणून घेतलेलं. त्यात वरून आयोडीन घातलेलं नसेल, तर मूळच्या खड्यात ते गरजेपुरतं नसतं. काही घरांत लोणच्याला आणि जनावरांना म्हणून आणलेलं खडेमीठ सर्रास भाजीतही पडतं. नवरात्राचे नऊ दिवस सैंधव खाल्लं म्हणून काही बिघडत नाही. वर्षभर सगळ्या घराचं मीठच ते झालं, तर घरातल्या लहान पोरांना आणि गरोदर सुनेला त्याचा फटका बसतो.

मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागतं, गरोदर बाईला २५०. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. एवढीशी गरज, पण ती भागली नाही तर काय होतं ते हिमालयाच्या पायथ्याच्या गावांनी पिढ्यान् पिढ्या सोसलं. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो हे दाखवलं. १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. पुढं फक्त डोंगराळ भागापुरता विचार न करता सगळ्या देशाचं मीठ आयोडीनयुक्त करायचं ठरलं. आज खायच्या मिठात कारखान्यात दहा लाख भागांत ३० आणि घरात पोचेपर्यंत निदान १५ भाग आयोडीन असावं असा नियम आहे. कारखाना ते घर या प्रवासात निम्मं उडून जाऊ शकतं, हे नियम करणाऱ्यांनीच धरलेलं आहे. मग चुलीशेजारी उघड्या डब्यात ठेवलेल्या, ओल्या चमच्यानं काढलेल्या मिठाचं काय होत असेल? मीठ झाकणाच्या बरणीत ठेवावं, चुलीपासून दूर ठेवावं आणि भाजी उतरवताना घालावं, एवढं मी प्रत्येकीला सांगते.

तपासणीचं एक छोटं किट असतं, आशाताई ते वापरतात. बशीत चिमूटभर मीठ घ्यायचं, त्यावर थेंब टाकायचा. आयोडीन असेल तर मीठ लगेच निळं-जांभळं होतं. एका घरात मी दोन मिठं शेजारीशेजारी ठेवून हे बघितलं. पुडीतलं मीठ थेंब पडताच जांभळं झालं, सैंधव होतं तसंच गुलाबी राहिलं. घरातल्या आजी दोन्ही बशा बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मंग हे म्हाग कशापायी?" त्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नव्हतं.

इथं उलट्या टोकाची माणसंही आहेत, त्यांना आवरावं लागतं. थायरॉईडला आयोडीन लागतं म्हटल्यावर कुणी समुद्री शेवाळाच्या कॅप्सूल मागवतं, कुणी आयोडीनचे थेंब पाण्यात घालून पितं. आयोडीनयुक्त मीठ खाणाऱ्या आपल्या समाजात थायरॉईड मंदावण्याचं मोठं कारण आयोडीनची कमतरता हे आता राहिलेलं नाही. शरीराची रोगप्रतिकारशक्तीच स्वतःच्या थायरॉईडवर उलटते. जपानी डॉक्टर हाकारू हाशिमोतो यांनी १९१२ मध्ये या आजाराचं वर्णन केलं, म्हणून त्याला त्यांचं नाव आहे. अशा ग्रंथीवर आयोडीनचा मारा केला तर ती आणखी मंदावू शकते. मिठातलं तेवढं पुरे.

रिपोर्ट समजावताना मला आमच्याच भागातला एक दाखला कामी येतो. रिपोर्टवर टीएसएच वाढलेलं दिसतं आणि बाई म्हणते, "थायरॉईड वाढलंय." वाढलेलं असतं ते टीएसएच, म्हणजे मेंदूखालच्या ग्रंथीचा हुकूम. उसाच्या फडावर मजूर मागं पडला की मुकादम जास्त ओरडतो, तसा हा हुकूम थायरॉईड मंद झालं की वाढतो. पाथर्डी-शेवगावकडच्या बाईला यापुढं काही समजवावं लागत नाही. गोळी लागू पडली की मुकादम गप्प होतो, हे ती स्वतःच म्हणते.

आणि त्या गोळीला पर्याय म्हणून कुठलीही भाजी, बी, काढा चालत नाही, हे मी स्पष्ट सांगते. ग्रंथीला बनवता येत नाही ते थायरॉक्सिन हॉर्मोन बाहेरून द्यावं लागतं, आणि ते कुठल्याही धान्यात, फळात नाही. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या डॉ. जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉईडचा अर्क एका बाईला दिला. सुजलेली, थंडावलेली, बोलणंही जड झालेली ती बाई त्यावर पुढं अठ्ठावीस वर्षं जगली, आणि तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून जास्त मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. आज तेच हॉर्मोन प्रयोगशाळेत बनवून मोहरीएवढ्या गोळीत मिळतं, थायरोनॉर्म, एल्ट्रॉक्सिन, थायरॉक्स अशा नावांनी, आणि शंभरेक गोळ्यांची बाटली प्रोटीन पावडरच्या एका डब्याच्या मानानं अगदीच स्वस्त असते.

आता एका पिशवीबद्दल सांगते. तिसगावकडच्या एक काकू आल्या होत्या. गोळी पन्नासची पंचाहत्तर झाली, पंचाहत्तरची शंभर झाली, तरी टीएसएच दहाच्या खाली यायला तयार नव्हतं. पुन्हा डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी त्यांना माझ्याकडे पाठवलं. मी म्हटलं, घरात जेवढ्या म्हणून गोळ्या आहेत, तेवढ्या सगळ्या घेऊन या. त्यांनी कापडी पिशवी टेबलावर उलटी केली. थायरॉईडची बाटली. कंबर धरते म्हणून कॅल्शियम. रक्तवाढीची लाल गोळी. पित्ताची कॅप्सूल. केसांसाठी मेडिकलवाल्यानं दिलेली गोळी. आणि भावजयीनं वजन उतरायला म्हणून दिलेला सोया प्रोटीनच्या पावडरचा डबा.

मग त्यांचा दिवस विचारला. पाचला उठायचं, थायरॉईडची गोळी तोंडात टाकायची, आणि त्या पाठोपाठच चहा, कारण चहा झाल्याशिवाय गायींकडे जायला अंग उठत नाही. धारा काढून आल्यावर पावडरचा पेला आणि त्यासोबत उरलेल्या सगळ्या गोळ्या, "म्हंजी इसरायला नको."

कॅल्शियम आणि लोह दोन्ही आतड्यात थायरॉक्सिनला धरून ठेवतात, ते रक्तात जाऊच देत नाहीत. त्यांच्यात आणि थायरॉईडच्या गोळीत चार तासांचं अंतर हवं. सोयाही आडवा येतो. दूध आणि कॉफी यांनी गोळी कमी शोषली जाते हे अभ्यासांत दिसलं आहे, आणि आपला गावाकडचा चहा म्हणजे निम्मं दूधच. पित्ताच्या कॅप्सूलनं जठरातलं आम्ल कमी होतं, आणि गोळी नीट विरघळायला ते आम्ल लागतं. म्हणजे काकू नियमानं गोळी घेत होत्या, डोस वाढत होता, आणि त्यातलं बरंचसं वाया जात होतं.

आम्ही कागदावर त्यांचा दिवस नव्यानं मांडला. पाचला उठल्यावर गोळी, साध्या पाण्यासोबत. मग आधी धारा, नंतर चहा. गोठ्यातल्या कामात तास सहज जातो, त्यामुळं अंतर आपोआप पडलं. कॅल्शियम दुपारच्या जेवणात. लाल गोळी चार-पाच वाजता लिंबूपाण्यासोबत, चहाशी गाठ न घालता. पावडर बंद; तिच्या जागी सकाळच्या न्याहारीला मोड आलेली मटकी आणि दुपारी ताकाचा पेला. पित्ताची कॅप्सूल खरंच लागते का ते डॉक्टरांना विचारायला सांगितलं. आठ आठवड्यांनी टीएसएच चारच्या आत आलं. डोस शंभरचाच राहिला.

आठ आठवडे थांबावं लागतं, कारण हे हॉर्मोन अंगात हळू चढतं, हळू उतरतं. शरीरातलं निम्मं संपायला आठवडाभर लागतो. आठवड्यानं रक्त तपासून "गुण नाही" म्हणणाऱ्यांना मी हे सांगते. एखाद दिवस गोळी राहिली म्हणून घाबरून गेलेल्यांनाही हेच सांगते.

केसांच्या त्या गोळीवर थोडं थांबायला हवं. त्यात बायोटिन असतं. दिवसाची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, आणि केसांच्या अनेक गोळ्यांत ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या तीनशे पटींहून जास्त. अंगाला त्याचा मोठा अपाय होत नाही. गडबड होते ती रक्ताच्या तपासणीत. थायरॉईडच्या बऱ्याच चाचण्यांची रसायनं बायोटिनच्याच आधारानं काम करतात. रक्तात ते जास्त असलं की टीएसएच खोटंच कमी दिसतं आणि टी-फोर, म्हणजे थायरॉक्सिन, खोटंच जास्त. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१७ मध्ये याबद्दल सावधही केलं. रिपोर्ट बघून वाटतं की गोळी जास्त होते आहे, डोस उतरवला जातो, आणि बाई पुन्हा सुस्त होत जाते, केस आणखी गळतात, मग ती केसांची आणखी महागडी गोळी घेते. तपासणीआधी निदान दोन दिवस बायोटिन बंद ठेवलं की हा गोंधळ टळतो. एवढी साधी गोष्ट, पण ती विचारण्यासाठी पेशंटनं केसांची गोळी घेते असं सांगावं लागतं, आणि ती गोळी 'औषध' वाटत नसल्यानं कुणी सांगत नाही.

सेलेनियमचंही तसंच. थायरॉईडला ते लागतं, टी-फोरचं टी-थ्री हे सक्रिय रूप करणारी एन्झाइमं त्याच्यावर चालतात. अंडी, मासे, डाळी, गहू यांतून ते मिळतं. काही अभ्यासांत सेलेनियमच्या गोळ्यांनी हाशिमोतोची प्रतिद्रव्यं कमी झालेली दिसली, पण त्यानं थायरॉक्सिनची गोळी सुटते असं सिद्ध झालेलं नाही. आणि जास्त झालं तर केस गळतात, नखं ठिसूळ होतात. पंजाबात नवांशहर-होशियारपूर भागातल्या काही गावांच्या मातीतच सेलेनियम जास्त आहे, तिथल्या जनावरांची शिंगं-खुरं त्यानं खराब होतात. त्यामुळं "थायरॉईड सपोर्ट" असं छापलेल्या डब्यातून अंदाजानं ते घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. अश्वगंधेनं थायरॉईडचे आकडे हलू शकतात. गोळी चालू असताना डॉक्टरांना न सांगता तीही घेऊ नये.

मग घ्यावं काय? जे तपासणीत कमी निघेल ते. आमच्याकडे बायकांत लोह बहुतेकदा कमी निघतं. माळकरी घरांत बी-ट्वेल्व्ह कमी निघतं, कारण मांसाहार, अंडी वर्ज्य, आणि दूध डेअरीला जातं, घरात चहापुरतं उरतं. हातापायांना मुंग्या, विसराळूपणा, थकवा हे सगळं थायरॉईडच्या खात्यावर टाकलं जातं आणि बी-ट्वेल्व्ह तसंच राहून जातं. ज्या घरात रोज लिटरनं दूध डेअरीत जातं, त्या घरातल्या बाईनं स्वतःसाठी एक पेला बाजूला काढावा, हे सांगताना मला दरवेळी वाईट वाटतं. पण सांगावंच लागतं, आणि सासूबाईंसमोर सांगावं लागतं.

गरोदरपणात हे सगळं आणखी नाजूक होतं. बाळाचं स्वतःचं थायरॉईड काम करू लागेपर्यंत, म्हणजे पहिले तीन महिने, ते आईच्याच हॉर्मोनवर वाढतं, त्याचा मेंदूही. आईचा डोस या काळात साधारण पाव ते निम्म्यानं वाढवावा लागतो. म्हणून थायरॉईडची गोळी चालू असलेल्या बाईनं दिवस राहिल्याचं कळताच डॉक्टर गाठावा, तिसऱ्या महिन्याची वाट बघू नये. चौथ्या महिन्यापासून सरकारी दवाखान्यातून लोह-फॉलिक आम्लाची लाल गोळी रोज एक आणि कॅल्शियमच्या रोज दोन मिळतात. या चारही गोळ्या एकाच डब्यात, एकाच वेळी घेतलेल्या मी बघितल्या आहेत, आणि घेणारी पोरगी मोठ्या निष्ठेनं घेत होती. पहाटे थायरॉईड, दुपारच्या जेवणात कॅल्शियम, संध्याकाळी लाल गोळी, रात्रीच्या जेवणात दुसरं कॅल्शियम. हा क्रम मी तिच्या मोबाईलवर घड्याळ लावून देते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. त्या दिवशी आशाताईंनी "गोळ्या घेतेस का" सोबत "कधी कधी घेतेस" एवढं जरी विचारलं तरी फार मोठं काम होईल. गावातल्याच, फारशा न शिकलेल्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार करता येतं हे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून आमच्याच जामखेडमध्ये करून दाखवलं आहे. त्यामुळं हे जमणार नाही असं मला वाटत नाही.

उपवास हा आमच्याकडचा मोठा विषय. नवरात्रात मोहटादेवीच्या गडावर जाणाऱ्या बायका नऊ दिवस गोळी बंद ठेवतात, कारण गोळीनं उपवास मोडेल. काहीजणी पूजा होईपर्यंत पाणीही घेत नाहीत. मी श्रद्धेशी वाद घालत नाही. गोळी अनशापोटीच घ्यायची असते, त्यामुळं उपवास आणि ही गोळी यांचं उलट चांगलं जुळतं, असं सांगते. पाण्याच्या घोटासोबत ती पहाटे घ्यावी आणि मग दिवसभर हवा तो उपवास करावा. शेंगदाणे, साबुदाणा, भगर यांनी नऊ दिवसांत थायरॉईडचं काही बिघडत नाही.

सगळ्यात अवघड आहे ते ऊसतोडीला जाणाऱ्यांचं. दसरा-दिवाळीनंतर पाथर्डी, शेवगाव, जामखेडकडची गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल घेतलेली, मुक्काम कारखान्याच्या तळावर कोपीत. पहाटे तीनला उठून भाकरी करून फडावर जायचं. तिथं कुठली न्याहारीची वेळ आणि कुठला गोळीनंतरचा तास? एका ताईनं मला सांगितलं, "गोळी घेतल्याली आठवती, पन कशासंगं घेतली ते नाय आठवत." अशा बायकांसाठी डॉक्टरांच्या सल्ल्यानं आम्ही दुसरी वाट काढतो. रात्री झोपमोड होऊन लघवीला उठतेस ना, तेव्हा उशाशी ठेवलेली गोळी घे आणि परत झोप. पोट रिकामं असतं, पुढं दोन-तीन तास काही खायचं नसतं. झोपताना घेतलेली गोळी सकाळच्या गोळीपेक्षा कमी पडत नाही, उलट थोडी सरसच ठरते, हे नेदरलँड्समधल्या २०१० च्या अभ्यासात दिसलं होतं. पण त्यासाठी जेवणानंतर तीनेक तास जावे लागतात, आणि फडावरून आलेल्या माणसाला तेवढं जागं राहता येत नाही. बाटली पत्र्याखाली, चुलीजवळ ठेवायची नाही, उन्हानं गोळी उतरते. ज्वारी-बाजरीच्या पोत्यात, मधोमध, कोरडी राहील अशी ठेवायला मी सांगते. निघण्याआधी एकदा टीएसएच, परतल्यावर एकदा. आणि पूर्ण हंगाम पुरतील एवढ्या बाटल्या सोबत, कारण तळाजवळच्या दुकानात नेमकी आपल्या डोसची गोळी मिळेल याचा भरवसा नसतो.

भारतातल्या आठ शहरांत झालेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दर शंभरात जवळजवळ अकरा मोठ्या माणसांचं थायरॉईड मंद निघालं होतं. त्या शहरांत मुंबई होती, गोवाही होतं. फडावरची, गोठ्यातली, रानातली बाई त्या आकड्यात नव्हती. ती गळून गेल्यासारखं होतंय म्हणते, घरचे म्हणतात वयानं होतं, आणि वजन वाढलं की सगळ्यांना ती बसून खाते असं वाटतं. मंद थायरॉईडनं वजन साधारण दोन ते पाच किलो वाढतं, त्यातलंही बरंचसं पाणी आणि सूज असते. गोळी नीट बसली की तेवढं उतरतं. उरलेल्या वजनासाठी थायरॉईडला किंवा त्या बाईला दोष देण्यात अर्थ नाही.

तुमच्या घरात कुणाला ही गोळी चालू असेल, तर आज एवढंच करा. घरातल्या सगळ्या गोळ्या, पावडरी, काढे एका पिशवीत भरा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढं ठेवा. कुठली गोळी किती वाजता आणि कशासोबत घेता ते खरं खरं सांगा. रक्त द्यायच्या दिवशी थायरॉईडची गोळी रक्त दिल्यावर घ्या आणि केसांची गोळी दोन दिवस आधीच थांबवा. स्वयंपाकघरातल्या मिठाच्या पुडीवर 'आयोडीनयुक्त' लिहिलेलं आहे का ते बघून घ्या. आणि भाकरी खा.